शनिवारचा थांबलेला घाणा



या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलतात. मी विद्वान नाही. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या गेटवर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. संयोजकांनी मला बोलावले तेव्हा मी बोनसवर, ठेकेदारीवर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. त्यांवर मी वर्षाचे बारा महिने बोलतो आणि आपणांपैकी काहींचे कान त्याने किटलेही आहेत. म्हणून आज थोडी वेगळी वाट धरतो. आपल्या महाराष्ट्रातल्या ज्यू लोकांनी, म्हणजे बेने इस्रायलांनी, शतकानुशतके एक नेम कसा टिकवला आणि त्या नेमाने त्यांना कसे टिकवले, हे मला सांगावयाचे आहे.

पिंपरी-चिंचवडच्या युनियनवाल्याला ज्यू धर्माशी काय देणेघेणे, असा प्रश्न आपल्या चेहऱ्यांवर मला दिसतो आहे. देणेघेणे आहे ते आठवड्याच्या सुट्टीमुळे.

१९८९ साली मी भोसरीच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. आपल्या भागात विजेच्या सोयीने साप्ताहिक सुट्टी गुरुवारची पडत आली आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. आमच्या टूलरूममध्ये एक वयस्क कारागीर होते. मूळ पेणकडचे, राहावयास पुण्याच्या रास्ता पेठेत. लोकलने कासारवाडीला उतरत आणि तेथून चालत येत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. हे काका गुरुवारी, कारखाना बंद असताना, देखभालीच्या कामाला येत आणि त्याच्या बदली शनिवारी सुट्टी घेत. आम्हां पोरांना वाटे, शनीची साडेसाती असेल. एकदा मी विचारलेच, "काका, शनिवार म्हणजे मारुतीचा उपास का?" ते हसले. म्हणाले, "नाही रे बाबा, मारुतीला सुट्टी दिली आहे. हा आमचा शब्बाथ." मला शब्दही धड कळला नाही.

पुढे एका वर्षी मालाची मागणी वाढली. शनिवारी या, दुप्पट पगार घ्या, असा निरोप आला. काकांनी नकार दिला. त्यांच्या मागून लागलेला माणूस त्यांच्यावर सुपरवायझर झाला. मला त्यांचा राग आला. मी म्हणालो, "काका, पोरीचे लग्न तोंडावर आहे आणि तुम्ही घरी बसता? दुप्पट पैसे आहेत!" ते फाइल पुसत म्हणाले, "पैसे सहा दिवस मिळतात. सातवा दिवस माझा नाही. जे माझे नाही ते मी विकू कसे?"

मला हे उत्तर त्या वेळी वेडेपणाचे वाटले. पंधरा-सोळा वर्षांनी ते समजले, आणि तेही फार महागात पडून. ती गोष्ट पुढे सांगतो. आधी काकांच्या लोकांची हकीकत ऐका.

अलिबागच्या उत्तरेला समुद्रकाठी नवगाव नावाचे गाव आहे. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की, दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे जहाज खांदेरी-उंदेरीच्या जवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या किनाऱ्याला लागल्या. बुडालेल्यांची प्रेते नवगावला पुरली. तेथे आज स्मारक आहे. मी ते पाहून आलो आहे. जहाज कोणत्या साली फुटले यावर पंडितांचा वाद आहे, त्यात मी पडत नाही. मात्र एक गोष्ट स्वच्छ आहे. या लोकांपाशी ग्रंथ उरला नाही, पुरोहित उरला नाही, देऊळ उरले नाही. हिब्रू भाषाही विसरली. पोशाख, भाषा, आडनाव सारे मराठी झाले. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, अष्टमकर, झिराडकर, चेऊलकर. गाव सोडताना माणूस गावाचे नाव बरोबर नेतो, तसे त्यांनी नेले.

पोटासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला. कोकणात तेली म्हणजे काही मानाची जागा नव्हती. पण या तेल्यांचे एक विचित्र होते. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा घाणा थांबे, तो शनिवारी सूर्य मावळेपर्यंत. गिऱ्हाईक आले तरी घाणा बंद. गावाला यामागचा धर्म ठाऊक नव्हता, गावाने फक्त बंद घाणा पाहिला आणि त्यावरून त्यांना नाव दिले, 'शनिवार तेली'. आपल्याकडे माणसाला त्याच्या धंद्यावरून नाव पडते. सुतार, लोहार, कुंभार. काम करतो म्हणून नाव. काम थांबवतो म्हणून नाव पडलेली दुसरी जात मला तरी माहीत नाही.

त्यांना दुसरी आठवण होती ती 'शेमा'ची. ईश्वर एकच आहे असे सांगणारे सहा हिब्रू शब्द. अर्थ पुसट झाला होता, पण मूल जन्मले, लग्न लागले, कोणी गेले, तर तेच सहा शब्द म्हणावयाचे. शिवाय मुलाची आठव्या दिवशी सुंता आणि खवले व पर असलेलेच मासे खाणे, एवढे आचार राहिले. कोचीनच्या ज्यूंचे एक पुढारी, यहेझकेल राहाबी, यांनी १७६८ साली हॉलंडला लिहिलेल्या पत्रात कोकणातल्या या लोकांचा उल्लेख आहे. हे लोक तेल गाळतात, काही शिपाईगिरी करतात, आणि शेमा व शब्बाथची विश्रांती यांपलीकडे त्यांना धर्माचे काही ठाऊक नाही, असा त्याचा आशय आहे. लिहिणाऱ्याने ते उणेपणा म्हणून लिहिले असेल. मला त्यात फार मोठी गोष्ट दिसते. सगळे गेले आणि दोन गोष्टी राहिल्या, एक जिभेवरची आणि एक हातापायांची. मग त्या दोहोंवर बाकीचे सारे परत उभे राहिले.

ते कसे, हेही परंपरेतून ऐकण्यासारखे आहे. डेव्हिड राहाबी नावाचा एक परदेशी ज्यू कोकणात आला. शनिवार पाळणारे लोक आहेत हे ऐकून त्याला शंका आली. त्याने घरच्या बायांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि रांधावयास सांगितले. बायांनी खवले व पर असलेले मासे वेगळे काढले आणि उरलेले आम्ही खात नाही म्हणून सांगितले. झाले! त्याची खात्री पटली. हे आपलेच हरवलेले भाऊ. त्याने तीन तरुणांना शिकवून तयार केले, तेच त्यांचे पहिले काझी. हा राहाबी नेमका कोणत्या शतकातला यावरही वाद आहे. पण पुढे कोचीनचे शिक्षक आले, मुंबईच्या मिशनऱ्यांच्या शाळांतून हिब्रू परत आली, मराठीत प्रार्थनेची पुस्तके निघाली. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत पडले होते, आणि सुटलो तर मंदिर बांधीन असा त्यांचा नवस होता असे सांगतात. मौज अशी की, बेने इस्रायल आपल्या मंदिराला मशीदच म्हणत आले. मुंबईच्या मशीद बंदराचे नाव त्यावरूनच पडले असेही म्हणतात.

पुण्याचाही यात वाटा आहे. १८७४ साली हिब्रू आणि मराठी असा 'हगादा' पुण्यात छापला गेला. मिसर देशाच्या गुलामीतून इस्रायल लोक सुटले ती कथा वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचतात, तिचे हे पुस्तक. त्यातल्या एका चित्रात बाया बिनखमिराच्या भाकरी करीत आहेत, अंगावर आपल्याकडचीच लुगडी! कॅम्पातले लाल देऊळ तर आपण सर्वांनी पाहिले आहे. ते मात्र बगदादी ज्यूंचे, डेव्हिड ससून यांनी बांधलेले, १८६७ मध्ये पुरे झालेले. ससून घराण्याच्या मुंबईत कापडगिरण्या होत्या. म्हणजे एकाच धर्माचा एक माणूस गिरणीचा मालक आणि दुसरा घाण्यावरचा तेली. धर्म एक असला तरी वर्ग एक नसतो, हे मला युनियनवाला म्हणून सांगितलेच पाहिजे.

आता हा शब्बाथ म्हणजे आहे तरी काय? मी मराठी बायबल वाचनालयातून आणून वाचले. दहा आज्ञांत ही एक आज्ञा आहे, आणि ती दोन ठिकाणी दोन कारणांनी दिली आहे. एका ठिकाणी म्हटले आहे, ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी केली व सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तूही घे. दुसऱ्या ठिकाणचे कारण वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. तेथे म्हटले आहे, तू मिसर देशात गुलाम होतास हे आठव, म्हणून हा दिवस पाळ. आणि हा दिवस कोणासाठी? एकट्या घरधन्यासाठी नव्हे. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका माणूस, सर्वांसाठी. गुलामाला सुट्टी नसते. ज्याला सुट्टी घेता येते तो गुलाम नाही, आणि जो स्वतः सुट्टी घेऊन दुसऱ्याला राबवतो तो मिसरचा राजा झाला, असा त्याचा अर्थ मला लागला.

आपल्या मराठीत घाण्याचा बैल म्हणजे कष्टाची परमावधी. डोळ्यांना झापड बांधलेली, दिवसभर चालतो आहे आणि आहे तेथेच आहे. आमच्या कामगारांची तुलना आम्ही भाषणांतून हमखास त्याच्याशी करतो. पण कोकणात एक घाणा असा होता की, ज्याच्या बैलाची झापड दर शनिवारी निघत असे. मालक थांबला म्हणून घाणा थांबला, घाणा थांबला म्हणून बैल थांबला. हा क्रम ध्यानात ठेवा. माझी गोष्ट त्याच्यावरच येऊन ठेपते.

२००६ साल. मी तेव्हा चाकणच्या एका कारखान्यातील युनियनचा सरचिटणीस होतो. चाकणला नवे कारखाने धडाधड उभे राहत होते, मालाला मागणी होती. साप्ताहिक सुट्टीला काम केल्यास दुप्पट वेतन, असा करार आम्ही केला. त्यावर सही माझी. सभासदांनी मला खांद्यावर घेतले. घराचे हप्ते फिटू लागले, दुचाक्या आल्या. मी मनात म्हटले, काका, बघा, तुम्ही जे विकले नाहीत ते आम्ही विकले आणि चांगल्या भावाने विकले.

करार कायम कामगारांचा होता. पण कायम कामगार सुट्टीला आले म्हणजे प्रेस चालू राहिले, आणि प्रेस चालू राहिले म्हणजे ठेक्यावरच्या पोरांनाही यावे लागले. त्यांना दुप्पट नाही, सुट्टी नाही, आणि नाही म्हणण्याची सोय नाही. मराठवाड्यातून आलेला बावीस वर्षांचा एक मुलगा होता. सलग तेराव्या दिवशी, रात्रपाळीत पहाटे चारच्या सुमारास, त्याचा उजवा हात प्रेसखाली सापडला. दोन बोटे गेली. मी दवाखान्यात गेलो तेव्हा तो शुद्धीवर होता. त्याने मला एकच विचारले, "दादा, आज वार कोणता?" त्याला खरोखरच वाराचे भान उरले नव्हते.

१९४८ च्या कारखाने कायद्यात ५२ वे कलम होते. आठवड्यास एक सुट्टी, आणि ती बदलून दिली तरी सलग दहा दिवसांपेक्षा अधिक काम घ्यावयाचे नाही. ते कलम मला तोंडपाठ होते. मी त्यावर व्याख्याने दिली होती. नव्या संहितेतही आठवड्यात सहा दिवसांपेक्षा अधिक काम नको हे तत्त्व राहिले आहे. कायदा पुस्तकात होता, आणि तो दिवस विकणारा मी गेटवर होतो. कारखान्याचा दोष होताच, त्यासाठी आम्ही भांडलो. पण माझा दोष कोणी माझ्या पदरात घातला नाही. तो मलाच घालून घ्यावा लागला.

तेव्हा काकांचे वाक्य परत आठवले. माझी सुट्टी माझी एकट्याची नव्हती. तिच्या आधाराने दुसऱ्या कोणाची सुट्टी उभी होती. मी माझा घाणा थांबवला असता तर त्या पोराचीही झापड निघाली असती.

मी रास्ता पेठेत काकांना शोधत गेलो. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. त्या दिवशी त्यांच्या घरी मलिदा होता. मलिदा म्हटले की आपल्याला ठेकेदार आणि टक्केवारी आठवते! बेने इस्रायलांचा मलिदा निराळा. गोड पोहे, वर खोबरे आणि फळे, असे ताट मांडून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्मरण करतात. नवस फिटला, दुखण्यातून कोणी उठले, लग्न ठरले, की मलिदा. त्यांच्या नातवाला नोकरी लागली होती. मी खाल्ला आणि मग सारे सांगितले. त्यांनी माझी समजूत घातली नाही की मला बोल लावला नाही. एवढेच म्हणाले, "आमच्यातही पुष्कळांनी शनिवार सोडला. मुंबईत नोकऱ्या धरल्या, हपिसे शनिवारी चालू, करणार काय? मीही तरुणपणी सात-आठ वर्षे सोडला होता. मग परत धरला. सुटले म्हणजे संपले असे नसते रे. येणारा शनिवार असतोच की."

बंधूंनो, आध्यात्मिक हा शब्द माझ्या तोंडी शोभत नाही. पण 'येणारा शनिवार असतोच' यात जी ताकद आहे तिला दुसरा शब्द मला सापडत नाही. सोसणे आणि टिकणे यांत फरक आहे. घाण्याचा बैल सोसतो. शनिवार तेली टिकला. सोसणाऱ्याला उद्या आणि आज सारखेच असतात. टिकणाऱ्यापाशी एक खूणगाठ असते, आठवड्यातून एकदा तरी तो ती चाचपून पाहतो.

त्यांच्या सणांतही हेच आहे. श्रावणाच्या सुमारास जेरुसलेमच्या देवळाच्या विध्वंसाचा उपास येतो. कोकणात त्याचे नाव झाले बिरड्याचा सण, कारण उपास वालाच्या बिरड्याने सोडावयाचा. प्रायश्चित्ताचा सर्वांत मोठा दिवस, त्याला ते दारफाळणीचा सण म्हणत. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून, अन्नपाण्यावाचून, दार लावून बसावयाचे. दुसरा दिवस शिळा सण, त्या दिवशी दानधर्म करावयाचा आणि आप्तेष्टांना भेटावयाचे. म्हणजे एक दिवस दार बंद करून स्वतःच्या चुका मोजावयाच्या आणि दुसऱ्या दिवशी दार उघडून माणसांत जावयाचे. पहिल्याशिवाय दुसरे वरवरचे होते, आणि दुसऱ्याशिवाय पहिले कुढणे होते. आम्ही पुढारी मंडळी सारा जन्म उघड्या दारात काढतो. दार लावून बसावयाची आम्हांला भीती वाटते.

हे सारे लोक साधुसंत होते असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांच्यातही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता, त्यांच्यात लग्ने होत नसत. आपल्या मातीत राहिले, आपला रोगही घेतला. पुढे १९४८ नंतर त्यांतले हजारो इस्रायल देशात गेले. ज्या देशासाठी पिढ्यान्पिढ्या प्रार्थना केली तेथेच, १९६२ साली, मुख्य धर्मपीठाने त्यांच्या कुळाविषयी शंका काढली. लग्न लावण्यापूर्वी मागच्या पिढ्यांची चौकशी करा, असा आदेश निघाला. ज्यांना कोकणातल्या शेजाऱ्यांनी शनिवारवरून ओळखले, त्यांना स्वधर्मीयांनी विचारले, तुम्ही नक्की आमचेच का? तेव्हा या मराठी बोलणाऱ्या माणसांनी काय केले? १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये तेथील संसदेची खास बैठक झाली, बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे संसदेने म्हटले, आणि धर्मपीठाला आपल्या आदेशातून त्यांचे नाव काढावे लागले. मला या प्रसंगाचा अभिमान वाटतो. नेम पाळणारा माणूस नेमस्त असतो, पण मिंधा नसतो. टिकणे म्हणजे मान खाली घालणे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे आंदोलन पाहावे.

आणि आता आपल्याकडच्या रविवारची आठवण केल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, मृत्यू १८९७. जोतीरावांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि ठरलेली साप्ताहिक सुट्टी नाही. १८८४ साली त्यांनी कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी होती. पाच हजारांवर कामगारांनी अर्जावर सह्या-अंगठे केले. मालकांनी दाद दिली नाही. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री कामगारही त्या सभेत बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा आमच्या खंडोबाचाही वार आहे, असे लोखंडे सांगत, असे म्हणतात. पहा, त्यांनाही ठाऊक होते की सुट्टीच्या मागे नुसती झोप ठेवून भागत नाही, तिच्या मागे काहीतरी उभे करावे लागते. सहा वर्षे लागली त्या एका दिवसाला. शनिवार तेल्यांना तो दिवस आज्ञेने मिळाला होता, आपल्याला तो भांडून मिळाला. आणि आपण तो दुप्पट भावाने विकतो!

माझे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. २००८ च्या करारात मी मागणी घातली की साप्ताहिक सुट्टी विकावयाची नाही, कायम असो की ठेक्यावरचा. सभासद संतापले. त्यांचे तरी काय चुकले? हप्ते होते, मुलांच्या फिया होत्या. पुढच्या निवडणुकीत मी आपटलो. ज्यांनी खांद्यावर घेतले होते त्यांनीच पाडले. घरी बायको म्हणाली, "आता तरी गुरुवारी घरी थांबाल ना?" मी म्हटले, थांबतो, पण सकाळी दहा ते बारा एक बैठक ठेवतो. ज्यांना ही गोष्ट पटते त्यांची. पहिल्या गुरुवारी चाळीस जण आले. वर्षाने पंधरा. तिसऱ्या वर्षी नऊ. एका पावसाळ्यात तर मी आणि तो बोटे गेलेला मुलगा, असे दोघेच. चहा घेतला, वर्तमानपत्र वाचले, बारा वाजता उठलो. सांगण्यासारखे काही घडले नव्हते. पुढच्या गुरुवारी परत गेलो.

खरे सांगतो, त्या काळात आपण हे कशासाठी करतो आहोत हे मला पुष्कळदा आठवत नसे. शेमाचा अर्थ विसरून शब्द म्हणणाऱ्या त्या तेल्यांसारखी माझी गत होती. आणि येथेच माझे मुख्य म्हणणे येते. आपण समजतो की माणसाला आधी जीवनाचा हेतू सापडतो आणि मग त्या बळावर तो टिकून राहतो. माझा अनुभव उलटा आहे, आणि शनिवार तेल्यांचा इतिहासही उलटेच सांगतो. माणूस एखादी लहानशी गोष्ट नेमाने पाळत राहतो, अर्थ पुसट झाला तरी पाळतो, आणि एक दिवस अर्थ आपल्या पायांनी घरी परत येतो. नेम सोडला असता तर तो दार शोधतच राहिला असता. आपल्या शेजारी देहू आहे, आळंदी आहे. वारकऱ्याला विचारा, यंदा का निघालास? तो म्हणेल, वारी आहे म्हणून. त्याचे उत्तर अडाणी नाही.

२०१५ साली एका कारखान्याच्या करारात आमचे ते कलम आले. साप्ताहिक सुट्टीला काम घ्यावयाचे झाल्यास आधी बदली सुट्टी ठरली पाहिजे, आणि ती ठेक्यावरच्या माणसालाही मिळाली पाहिजे. एका कारखान्यात! निगडीपासून चाकणपर्यंत बाकी बहुतेक ठिकाणी मशिने चालूच आहेत. मी जिंकलो असे सांगावयास आलेलो नाही.

बेने इस्रायल आता महाराष्ट्रात थोडे उरले. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या घरात होते, आज काही हजार आहेत. काका गेले. त्यांच्या मातीला मी गेलो होतो. त्या सहा शब्दांचा अर्थ मला आता ठाऊक होता. कोकणातले ते घाणेही गेले, तेल आता पिशवीत येते. पण त्या तेल्यांनी आपल्या मुलखाला एक नाव देऊन ठेवले आहे, ते आपण विसरू नये.

उद्या गुरुवार आहे. आपणांपैकी ज्यांना उद्या कामावर बोलावणे आले असेल, त्यांना मी जाऊ नका असे सांगणार नाही. हप्ता माझा नाही, तुमचा आहे. एवढेच करा. तुम्ही गेलात म्हणजे आणखी कोणाला यावे लागते, ते एकदा मोजून पाहा. आणि उद्या जमले नाही, तर येणारा गुरुवार असतोच.